रिकामी बंदूक नसतेच: शाळेत शस्त्रसुरक्षेचा तास घेणाऱ्या नव्या शिक्षकांसाठी

पहिल्या वर्षी हा तास घेतला तेव्हा मी खूश होऊन घरी गेलो होतो. सहावीच्या पोरांना चार वाक्यं शिकवली, पोरांनी ती पत्रे उडतील इतक्या जोरात म्हटली, मुख्याध्यापकांनी दारातून बघून मान डोलावली. दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत मी वाचनालयाच्या टेबलावर, पेपरच्या घडीखाली, चोपड्याच्या बाजारातून आणलेलं काळं टिकल्यांचं पिस्तूल अर्धवट दिसेल असं ठेवलं आणि शेजारच्या खोलीच्या खिडकीतून बघत बसलो. दोन पोरं आली. एकानं पेपर बाजूला केला, पिस्तूल उचललं, नळीला डोळा लावून आत बघितलं, मग ते दोस्ताच्या कपाळाला टेकवलं आणि तोंडानं 'ठो' केलं. आदल्या दिवशी सगळ्यात मोठ्यानं ओरडणारा तोच होता.

"काय रे, काल काय शिकवलं?" असं विचारलं तर चारही वाक्यं त्यानं धडाधड म्हणून दाखवली. पिस्तूल तोवर हातातच.

अमेरिकेत लहान मुलांसाठी हीच चार वाक्यं १९८८ पासून शिकवतात. थांब, हात लावू नको, तिथून दूर हो, मोठ्या माणसाला सांग. तिथे त्याची परीक्षाही घेतली गेली. वाक्यं पाठ असलेली मुलं खोलीत एकटी असताना बंदूक दिसली की ती उचलत होती, आणि ज्यांच्याकडून प्रत्यक्ष हालचाल करून घेतली होती ती बरीच जास्त सावध वागली. माझी फजिती झाल्यावर हे वाचलं, आधी वाचलं असतं तर एक वर्ष वाचलं असतं. हा विषय पोरांच्या तोंडात नाही, हातापायांत घालावा लागतो. पुढचं सगळं त्याच हिशेबानं लिहिलं आहे.

आधी बघा, आपल्या पोरांना बंदूक भेटते कुठे

"आपल्याकडे कुठे बंदुका आहेत?" असं स्टाफरूममध्ये कोणीतरी म्हणणारच. आहेत. सातपुड्याच्या पायथ्याला रानडुकरांपासून पीक राखायला ठेवलेली भरमार (तोंडातून ठासून भरायची जुन्या पद्धतीची बंदूक) असते. शस्त्र कायद्यात पीकसंरक्षणासाठी तिच्या परवान्याची सोयच आहे. निवृत्त फौजी बँकेत नाहीतर एटीएमच्या गाडीवर गार्ड म्हणून लागतो, त्याची बारा बोअरची बंदूक घरात असते. केळीच्या बागेत माकडं हाकायला कोणीतरी एअरगन घेतलेली असते आणि ती ओट्यावर भिंतीला टेकवून ठेवलेली असते. चोपडा तालुक्यात तर मध्य प्रदेशच्या सीमेपलीकडच्या उमर्टीकडून आलेल्या गावठी कट्ट्यांची (घरगुती बनावटीच्या पिस्तुलांची) बातमी पेपरात नवी राहिलेली नाही. भुसावळजवळच्या वरणगाव फॅक्टरीत काडतुसं बनतात, म्हणजे वर्गातल्या एखाद्याचे वडील रोज तेच काम करून घरी येतात आणि त्या पोराला तुमच्यापेक्षा जास्त माहिती असते. त्याला गप्प बसवू नका.

वर दसऱ्याची शस्त्रपूजा, वाढदिवसाला तलवारीनं कापलेले केक आणि रील्स आहेतच. तुमच्या शाळेच्या गावात यातलं नेमकं काय आहे ते पोलीस पाटलाजवळ बसून विचारून घ्या. धडगावच्या पाड्यावरची शाळा आणि जळगावातल्या कॉलनीतली शाळा यांचा तास एकसारखा होऊ शकत नाही.

पहिली पायरी: परवानगी, आणि काय आणायचं नाही

मुख्याध्यापकांचं लेखी पत्र, शाळा व्यवस्थापन समितीच्या सभेत ठराव, पोलीस ठाण्याला माहितीचं पत्र. तिन्ही कागद फाइलला लावा, पुढे कोणी तक्रार केली तर तुमच्यामागे तेच उभे राहतील. ठाण्यातून कोणी पोलीसताई किंवा दादा बोलायला येत असतील तर आनंदानं बोलवा, पण कमरेचं पिस्तूल बाहेर काढून दाखवायचं नाही, हे त्यांना फोनवरच नम्रपणे सांगून ठेवा. पोरं हट्ट धरतात, साहेबांना मोह होतो, आणि तुमचा सगळा तास त्या एका मिनिटात वाहून जातो.

वर्गात खरी बंदूक येणार नाही. परवान्याची, रिकामी केलेली, सरपंचांची, कोणाचीच नाही. खरं काडतूसही नाही. सुताराकडून बाभळीच्या फळीची एक बंदूक आणि एक पिस्तूल करून घ्या, मागचा भाग उघडतो आणि आत बोटभर पोकळी दिसते असं. काडतुसाच्या जागी खडूचा तुकडा. माझ्या सुतारानं पैसे घेतले नाहीत, पण ट्रिगर हलता ठेवू का म्हणून तीनदा विचारलं. हलता नको. हलणारा ट्रिगर दिसला की बोट आपोआप तिथे जातं.

दुसरी पायरी: पोरांच्या आधी पालक

इथे नवीन शिक्षक हमखास एक चूक करतात. वर्गात विचारतात, "कोणाकोणाच्या घरी बंदूक आहे, हात वर करा." असं कधीही विचारू नका. एक तर कोणाच्या घरी शस्त्र आहे याची यादी चाळीस तोंडांनी गावभर होते, ती चोरालाही उपयोगी पडते. दुसरं म्हणजे घरात जे आहे त्याला परवाना नसेल, तर पोराला घर आणि गुरुजी यांच्यात निवड करायला लावल्यासारखं होतं. तरी एखादा उत्साहानं ओरडतोच, "सर, आमना घर बी शे!" त्यावर "बरं, मग तुला हा धडा जास्त कामाचा," एवढंच म्हणा आणि पुढे सरका. मागाहून त्याच्या घरी जा, पण त्याचं नाव न काढता.

पालकांची बैठक वेगळी घ्या आणि कोणालाही न विचारता सगळ्यांनाच सारखं सांगा. बंदूक रिकामी करून कुलपात. काडतुसं वेगळ्या कुलपात. दोन्ही किल्ल्या परवानाधारकाच्या अंगावर, खुंटीवर नाही, देव्हाऱ्यात नाही. उशीखाली, धान्याच्या कोठीत, माळ्यावर गोधड्यांच्या मागे ठेवलेलं पोरांना माहीत असतं. आई-बापाला वाटतं ते लपवलंय. मी एका आज्जींना हे सांगत होतो तर शेजारी बसलेला त्यांचा आठ वर्षांचा नातू म्हणाला, "कोठीमा नई, आते पेटीमा शे." सभेत हशा पिकला. आज्जी मात्र हसल्या नाहीत.

निवडणुकीच्या आचारसंहितेत परवान्याची शस्त्रं पोलीस ठाण्यात जमा करायला लावतात. तेव्हा घराघरांत याच विषयाची चर्चा असते. बैठक त्या सुमारास ठेवली तर खुर्च्या रिकाम्या राहत नाहीत.

परवान्याच्या नव्या अर्जदाराला २०१६ च्या शस्त्र नियमांनुसार सुरक्षेचं प्रशिक्षण घ्यावं लागतं. जुन्या परवान्यावाल्या आबा-आप्पांनी असलं काही घेतलेलं नसतं आणि "चाळीस वर्षं वापरतोय" हे उत्तर तयार असतं. वाद घालू नका. "आबा, तुमचा हात पक्का आहे, नातवाचा नाही," म्हटलं की बहुतेक जण कुलपाचं ऐकतात.

तिसरी पायरी: पहिली ते पाचवी, चार कृती

थांब. हात लावू नको. दूर जा. मोठ्यांना सांग. एवढंच. कायदा, नळी, गोळी, यातलं काही नाही. अहिराणी बोलणाऱ्या पोरांना अहिराणीतच सांगा, पावरा-बारेला या आदिवासी समाजांच्या पोरांसाठी वरच्या वर्गातला त्यांच्याच पाड्यावरचा मुलगा किंवा मुलगी मदतीला घ्या. घाबरलेलं पोर शाळेच्या भाषेत विचार करत नाही.

मग करून घ्या. वर्गाच्या कोपऱ्यात पोत्याखाली लाकडी पिस्तूल अर्धं उघडं ठेवा. एकेक पोर येणार, दिसलं की जागेवर थांबणार, हात मागे बांधणार, वळणार, दाराबाहेर जाऊन तुम्हाला सांगणार. हात मागे बांधणं ही माझी भर आहे. हाताला काही काम दिलं नाही तर तो पुढे जातोच. ज्याचं चुकलं त्याला रागावू नका, तिथल्या तिथे परत करायला लावा. सलग तीनदा बरोबर आलं की पुढचा. चाळीस पोरांना दोन तास लागतात. एका तासात उरकायचा नाद सोडा, नाहीतर माझ्यासारखी सहावी होईल.

दुसऱ्या आठवड्यात जोडी करून घ्या. आता एकजण दुसऱ्याला भरीस घालतो: "बघ ना, कोणी नाही इथे," "भ्यालास का?" ही खरी परीक्षा. एकटं पोर निम्म्या वेळा तरी नीट वागतं, दोस्तासमोर वागत नाही. "भ्यालास का?" याला उत्तर शिकवावं लागतं, आणि ते उत्तर "हो" असं आहे. हो म्हणायचं आणि चालू पडायचं. मुलींना हे पटकन जमतं. मुलग्यांकडून दहा वेळा म्हणवून घ्यावं लागतं, लाजून लाल होतात.

तिसरा सराव न सांगता. निदान पंधरा दिवसांनी, मधल्या सुट्टीत, वाचनालयात किंवा शिपाई काकांच्या खोलीत, मी केलं तसं खिडकीतून बघत. फक्त पालकांना आधी कळवलेलं असू द्या. आणि दिवाळीच्या सुट्टीनंतर सगळं पुन्हा एकदा, कारण तीन आठवडे टिकल्या फोडून आलेल्या पोरांचा हात सैल झालेला असतो.

'मोठ्यांना सांग' यातला मोठा कोण, हेही ठरवून द्या. बंदूक ज्याच्या हातात आहे तोच मोठा असेल आणि तो प्यायलेला असेल तर? शेजारच्या काकू, अंगणवाडीताई, गुरुजी. कोणीच नसेल तर ११२. प्रत्येक पोरानं आपली तीन नावं वहीत लिहायची.

हाच नियम शेताच्या बांधावर पडलेल्या वस्तूंनाही लावा. रानडुकरांसाठी गोळ्यासारखे गावठी बॉम्ब लावले जातात, ते चावून गुरं मेल्याच्या घटना आपण ऐकतो. भंगारात न उडालेलं काडतूस सापडू शकतं. पोराला बॉम्ब कुठला आणि काडतूस कुठलं हे ओळखायला शिकवू नका, 'ओळखीचं नाही, तर हात लावायचं नाही' एवढं पुरे.

चौथी पायरी: सहावी ते आठवी, इथे कारण सांगायचं

या वयाला नुसतं 'नको' चालत नाही. त्यांना यंत्र कळतं, म्हणून यंत्रच दाखवा. माझा सगळ्यात आवडता तास हाच.

लाकडी पिस्तुलाच्या मुठीत खडूचे पाच तुकडे घाला आणि सांगा, हे मॅगझिन. आता एक खडू वर, मागच्या पोकळीत सरकवा आणि झाकण लावा. मग सगळ्यांदेखत मॅगझिन काढून टेबलावर ठेवा आणि विचारा, "आता रिकामं झालं?" सगळा वर्ग "हो!" म्हणतो. झाकण उघडा. पाचवा खडू टपकन खाली पडतो. त्यानंतर वर्गात जी शांतता होते तिच्यासाठी हा तास घ्यावा. त्या पोकळीला चेंबर म्हणतात, आणि 'मला वाटलं रिकामी आहे' हे वाक्य अपघातानंतर ऐकू येतं ते या पाचव्या खडूमुळे. तिथून नियम आपोआप निघतो: प्रत्येक बंदूक भरलेलीच आहे असं धरायचं.

बाकीचे तीन नियमही इथेच सांगून टाका, कारण रीलमध्ये पोरं रोज ते मोडलेले बघतात. ज्याला इजा करायची नाही त्याच्याकडे नळी कधीच करायची नाही. लक्ष्यावर नेम असल्याशिवाय बोट ट्रिगरवर नाही. लक्ष्याच्या मागे काय आहे ते ठाऊक हवं. शेवटच्यासाठी मी मैदानावर नेतो. पॉइंट टू टू (०.२२ इंची) ही सगळ्यात छोट्या गोळ्यांपैकी एक, तरी ती दीड किलोमीटरच्या पुढे जाऊ शकते. शाळेच्या फाटकापासून दीड किलोमीटर म्हणजे आमच्याकडे नदी ओलांडून पलीकडची वस्ती. बोटानं दाखवलं की पोरांना आकडा कळतो. लग्नाच्या वरातीत हवेत झाडलेली गोळी पण खाली येते, आणि ती कुणाच्या मांडवात येईल ते झाडणाऱ्याला माहीत नसतं.

एअरगनला थोडा जास्त वेळ द्या, कारण खेड्यातल्या पोराच्या हातात खरोखर पडते ती हीच. ठरावीक शक्तीच्या आतल्या एअरगनला परवाना लागत नाही, म्हणून घरचे तिला खेळणं समजतात. छर्रा डोळ्यात गेला तर डोळा जातो. शिवाय छर्रे शिशाचे असतात आणि पोरं ते दातात धरून भरतात, हे मी स्वतः पाहिलं आहे. हात धुतल्याशिवाय भाकरीला हात नाही. पाखरं मारण्याचा विषय निघेलच, तेव्हा वन्यजीव कायदा आहे एवढं सांगून पुढे जा.

गावठी कट्ट्याबद्दल घाबरवू नका, वस्तू म्हणून बोला. त्याचा पोलाद कसला, कोणी तपासला, किती दाब सहन करतो, कोणालाच माहीत नसतं. सेफ्टी, म्हणजे ट्रिगर अडवून ठेवणारी कळ, बहुधा नसते. खाली पडला तरी उडू शकतो, आणि कधी कधी समोरच्याऐवजी चालवणाऱ्याच्याच हातात फुटतो. मोटरसायकलचं इंजिन खोलणाऱ्या पोरांना हे लगेच पटतं.

कायदा पाच मिनिटांत. १९५९ चा शस्त्र कायदा, बंदूक बाळगायला वय किमान २१ आणि परवाना. २०१९ च्या दुरुस्तीनंतर विनापरवाना बंदूक बाळगली तर किमान २ ते ५ वर्षं कैद, बनवली किंवा विकली तर ७ वर्षांपासून जन्मठेपेपर्यंत. आनंदाच्या भरात हवेत झाडून कोणाचा जीव धोक्यात घातला तर २ वर्षांपर्यंत कैद किंवा १ लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही. मित्राचा कट्टा फक्त फोटोपुरता हातात घेतला, हेही पोलिसांच्या लेखी हातात घेणंच असतं, आणि फोटो हाच पुरावा.

एवढं सगळं 'नको, नको' झाल्यावर नेमबाजी हा खेळ आहे हेही दाखवा, नाहीतर आवड असलेलं पोर चोरून शिकतं. कोल्हापूर जिल्ह्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्निल कुसाळेनं २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये ५० मीटर रायफल थ्री पोझिशनमध्ये कांस्य जिंकलं. त्याचा व्हिडिओ लावला तर पोरांना नेम दिसतो. त्यांना रायफल जमिनीकडे कधी असते, झाकण उघडं कधी असतं ते बघायला सांगा.

पाचवी पायरी: एनसीसीची पोरं

तुमच्या शाळेत एनसीसी असेल तर खरी रायफल फक्त इथेच येते, आणि तीही बटालियनच्या ताब्यात: जळगावकडे १८ महाराष्ट्र, धुळ्याकडे ४८ महाराष्ट्र. तुम्ही नवीन एएनओ (शाळेतले एनसीसी अधिकारी शिक्षक) असाल तर कामठीच्या अकादमीत (मॅडम असाल तर ग्वाल्हेरला) प्रशिक्षण घेऊन या, तोवर पीआय स्टाफच्या (बटालियनच्या फौजी प्रशिक्षकांच्या) पुढे पुढे करू नका. वर्गात डीपी, म्हणजे फक्त कवायतीसाठी निकामी केलेल्या, रायफलवर सराव चालतो. ती उडत नाही हे माहीत असूनही दरवेळी हातात घेताना बोल्ट उघडून चेंबर बघायचा आणि देतानाही उघडूनच द्यायची. डीपीवर आळस केलेला कॅडेट रेंजवरही तोच आळस करतो.

रेंजवर लाल झेंडा, बटच्या (लक्ष्यामागच्या मातीच्या भिंतीच्या) मागे आणि बाजूला पहारा, प्रथमोपचाराची पेटी, दवाखान्यात पोचवायला गाडी. राउंड (काडतुसं) मोजून घ्यायचे, झाडल्यावर त्यांचे रिकामे खोके मोजून परत. आकडा जुळला नाही तर कोणी जेवायला जात नाही. एका शिबिरात एक खोका कमी भरला आणि आम्ही तास-दीड तास गवत चाळलं. एका कॅडेटनं तो आठवण म्हणून सॉक्समध्ये घातला होता. फार चांगला पोरगा, आज फौजेत आहे. तेव्हापासून मी रेंज सोडताना सॉक्सही उलटे करून बघतो.

'थांब' कोणीही म्हणू शकतो, सगळ्यात लहान कॅडेटसुद्धा. तो शब्द ऐकला की बोट बाहेर आणि रायफल जागच्या जागी. चुकून म्हटला तरी त्याला हसायचं नाही. हसलात की पुढच्या वेळी तो खरं दिसलं तरी बोलणार नाही.

शाळेत खरंच काही सापडलं तर

दप्तरात शस्त्र आहे असं कळलं तर दप्तर उघडू नका, रिकामं आहे का बघू नका, टेबलाच्या खणात ठेवू नका. वर्ग शांतपणे मैदानावर काढा, एक माणूस दाराशी, ११२ ला फोन, मग मुख्याध्यापक, मग पालक. फोटो काढायचा नाही. स्टाफच्या ग्रुपवरही नाही. पोराला मारायचं नाही आणि सगळ्यांसमोर उभं करायचं नाही. १८ च्या आतलं मूल बाल न्याय मंडळापुढे जातं, त्याचं नाव बाहेर फुटता कामा नये. बहुतेक वेळा ते दोस्ताला दाखवायला आणलेलं असतं, आणि आधी कळवणारं पोर दुसरं असतं. त्या दुसऱ्याचं नावही कोणाला सांगू नका, शाबासकीसुद्धा एकट्यात द्या.

कोणाला लागलं असेल तर १०८. रक्त वाहत असेल तर स्वच्छ कापड घट्ट दाबून धरा, बघायला म्हणून सारखं उचलू नका. डोळ्यात छर्रा असेल तर चोळायचं नाही, पाणी मारायचं नाही, काढायचा तर नाहीच. कागदी कप उलटा करून डोळ्यावर न दाबता चिकटवा आणि तालुक्याला न थांबता डोळ्यांचा सर्जन असेल तिथे न्या.

राहता राहिलं सामान. लाकडी बंदूक आणि पिस्तूल मुख्याध्यापकांच्या कपाटात, कुलूप लावून. खडूची डबी वेगळ्या कपाटात, तिलाही कुलूप. आमचे शिपाई काका पहिल्या दिवशी फार हसले, "लाकडाच्या बंदुकीला कुलूप, सर?" मी काही बोललो नाही. दाराशी पाचवीतली चार पोरं उभी होती आणि किल्ली कोणत्या खिशात जाते ते बघत होती.